शेततळं फुकट मिळत नाही

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला, त्यातलं एक ठिकाण म्हणजे नाशिकरोडला राहणारा माझा मावसभाऊ. मजकूर थोडक्यात असा: शेतकऱ्याला शेततळं फुकट, ठिबक फुकट, फळबाग फुकट. पैसा आपल्या करातला, फायदा त्याच्या एकट्याचा. पाणी तर वाचत नाहीच. आणि अमेरिकेतला शेतकरी बघा, सरकारपुढे हात न पसरता उभा आहे. आमची जमीन सिन्नरच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात आहे. हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी ‘फुकट’ बघू. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हा अनुदान जास्तीत जास्त 50 हजार रुपये होतं, पुढे ते 75 हजार झालं. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, एकास एक उताराचं तळं घेतलं तर 2196 घनमीटर खोदाई होते. 75 हजाराला भागून बघा, घनमीटरला 34 रुपये पडतात. खाली खडक लागला की पोकलेनला ब्रेकर लावावा लागतो आणि तास वाढत जातात. वरचा खर्च शेतकऱ्याचा. शिवाय नुसत्या खड्ड्यात नऊ गुंठे जमीन जाते, बांध धरला तर आणखी. त्या नऊ गुंठ्यांत पुन्हा कधी कांदा लावता येत नाही. हा वाटा मेसेज लिहिणाऱ्याने मोजलेलाच नाही.

ठिबकचंही तेच. केंद्राचं अनुदान अल्प आणि अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45 टक्के. राज्याने पूरक अनुदान घालून ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत नेलं. पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर धरतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. आणि क्रम असा की आधी पूर्वसंमती, मग पदरच्या पैशांनी खरेदी, जोडणी, मग मोका तपासणी (शेतात येऊन केलेली पाहणी), आणि सगळ्यात शेवटी खात्यावर पैसे. आमचे पैसे येईपर्यंत दोन हंगाम गेले होते. दुकानातली उधारी आईने दुधाच्या पैशांतून फेडली. ज्याच्या घरी दुभतं जनावर नाही किंवा हातउसनं देणारं माणूस नाही, तो अर्जच करत नाही. अनुदानाबद्दल खरी तक्रार करायची असेल तर ही आहे.

फळबागेबद्दल एवढंच सांगते: भाऊसाहेब फुंडकर योजनेचं अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते हवे असतील तर झाडं जगलेली दाखवावी लागतात, बागायतीत 90 टक्के, कोरडवाहूत 80 टक्के. मे महिन्यात डाळिंबाची रोपं कोरडवाहू रानात जगवून बघावीत, मग फुकट म्हणावं.

आता ‘पाणी वाचत नाही’. हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे. शेततळं म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं, ही मूळ कल्पना. आमच्या भागात मात्र अनेक तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून भरतात. ते पाणी जमिनीत मुरत नाही, उन्हाळ्यात उडून मात्र जातं, आणि शेजारच्याची विहीर लवकर तळ गाठते. ठिबकचंही असंच. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर द्राक्ष लावली तर भूजलाच्या हिशेबात वाचलं काहीच नाही. हे बोललंच पाहिजे. पण यातून निघतं काय? अट बदला: पाणी आत यायची आणि जादा पाणी बाहेर जायची वाट असलेल्या, पावसावर भरणाऱ्या तळ्याला अनुदान आधी द्या, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून द्या. योजना बंद केली तर बोअर थांबणार नाहीत, ज्याच्याकडे पैसा आहे तो खोदतच राहील. मागे राहील तो दोन एकरवाला. ज्या जिल्ह्यात इगतपुरीला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत कसाबसा 500-600, तिथे पावसाचा थेंब अडवायला मदत नको म्हणणं मला क्रूर वाटतं.

‘फायदा त्याच्या एकट्याचा’ हे वाक्य मावसभावाने तरी पुढे पाठवायला नको होतं. नाशिक शहर पिण्याचं पाणी घेतं ते गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांतून. वरच्या डोंगरउताराच्या शेतांतली माती पहिल्या मुसळधार पावसात सुटली की ती या धरणांतच येऊन बसते. जितका गाळ, तितकं पाणी कमी. वर एखाद्याने बांधबंदिस्ती केली तर त्याची माती राहते आणि शहराची टाकीही भरते. म्हणून सगळा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणं रास्त नाही. आणि कर तोही भरतोच, डिझेलवर आणि ठिबकच्या नळीवर.

राहिली अमेरिका. 1930च्या दशकात तिथे धुळीच्या वादळांनी शेतंच्या शेतं उडवून नेली, तेव्हा 1935 साली सरकारने मृदसंधारणाचं स्वतंत्र खातं उभारलं. ते खातं, नाव बदलून, आजही चालू आहे. 1996 पासून ‘इक्विप’ नावाची योजना आहे. माती, पाणी राखायच्या कामाच्या खर्चात सरकार सर्वसाधारणपणे 75 टक्क्यांपर्यंत वाटा उचलतं, नवख्या आणि तुटपुंज्या साधनांच्या शेतकऱ्यांसाठी 90 टक्क्यांपर्यंत. अशा शेतकऱ्यांना निम्मी रक्कम काम सुरू करायच्या आधी घेता येते. आपल्याकडे अशी सोय असती तर माझ्या आईला दूध विकून उधारी फेडावी लागली नसती.

आणखी एक. त्या योजनेचा किमान 10 टक्के पैसा वन्यजीवांच्या अधिवासासाठी राखलेला असतो. आपल्याकडे येवल्यात ममदापूर-राजापूरच्या बाजूला काळवीट हरभऱ्यात उतरतात, तेव्हा शेतकरी पंचनामा करून घेतो आणि भरपाईची वाट बघतो. त्याने काळविटांसाठी थोडं गवताळ रान मोकळं सोडलं, तर त्याच्या खर्चातही वाटा उचला, एवढं अमेरिकेकडून मागून घ्यायला माझी हरकत नाही.