मसोतं कुणी विणतं का? काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

नाव लिहिलं नाहीत, पण "तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून बोलते" असं लिहिलंत, म्हणून काकूच म्हणते.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. रंगीत सुती फडकी विणण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर काकूंचं म्हणणं असं: घरात जुनी साडी, धोतर, बनियन असताना नवा दोरा विकत आणायचा, दोन संध्याकाळी घालवायच्या आणि त्याने खरकटं पुसायचं, हा निव्वळ रिकामटेकडेपणा. "मसोतं कुणी विणतं का?" शिवाय विणीत अन्नाचे कण अडकणार, फडक्याला वास मारणार. रंग जाणार तो वेगळाच. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून तो आधी पक्का करायला हवा, हे मी सांगितलंच नाही. आणि शेवटी, "विणायचंच तर घरातल्यांना स्वेटर विण."

वासाचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. एक फडकं आठवडाभर चालतं असं मी लिहिलं होतं. ते चूक. ओट्यावर घडी पडून राहिलेलं ओलं फडकं, मग ते विणलेलं असो की फाडलेलं, दुसऱ्या दिवशी वास मारतंच, आणि ज्याला वास येतो ते आपण ताटाखाली फिरवतो. लेखात दुरुस्ती केली आहे: रोज नवं फडकं, रात्री पिळून, पसरून वाळत घालायचं, साठली की सगळी एकदम गरम पाण्यात धुवायची. माझ्याकडे आता चौदा आहेत. पण यात सुताची बाजू घेते. सुती धागा ओला झाला की कमजोर न होता उलट जास्त बळकट होतो, आणि दहा मिनिटं उकळला तरी काही होत नाही. ती पिवळी-हिरवी स्पंजाची घासणी उकळून बघा. (त्याच लेखाखाली कुणी उरलेली लोकर वापरू का विचारलं होतं. ॲक्रिलिकची असेल तर नको. पाणी पीत नाही आणि तापल्या तव्याला लागली तर वितळते.)

आता जुन्या साडीचं. सांगलीला आईच्या स्वयंपाकघरात आजीच्या नऊवारीचे तुकडे अजून आहेत. धुऊन धुऊन इतके मऊ की काचेचे पेले पुसायला त्यांच्यापुढे काही नाही, माझं विणलेलं तर नाहीच नाही. त्याच्या सुताची तूस पेल्याला चिकटते. पण काकू, ही साडी आमच्याकडे आणायची कुठून? मागच्या दिवाळीत चिंध्यांची पिशवी उपसली. नवऱ्याचे खेळायचे टी-शर्ट, माझ्या लेगिंग्ज, एक जॉर्जेटची ओढणी, मुलीच्या शाळेचे ट्रॅकसूट. एकेक लेबल वाचलं तर पॉलिस्टर, पॉलिस्टर, थोडं सूत, पुन्हा पॉलिस्टर. त्याने ओटा पुसला की पाणी पुसलं जात नाही, नुसतं इकडून तिकडे सरकतं. कोरडं म्हणून ठेवलेलं सूतसुद्धा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून बसतं. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. जुन्या कापडाचं मसोतं करायची तुमची रीत उत्तमच आहे, पण त्यासाठी घरात आधी सुती कापड जुनं व्हावं लागतं.

मी राहते कॅनडात, ऑंटारियोतल्या किचनर गावात. स्वयंपाकघराशी या नावाचा संबंध नाही. गावाचं नाव आधी बर्लिन होतं, पहिल्या महायुद्धात, १९१६ साली ते बदलून लॉर्ड किचनरचं ठेवलं. हिंदुस्थानचा सरसेनापती होता, तोच. मोज्याची बोटांकडची बाजू शिवण न दिसता जोडायच्या टाक्यालाही त्याचंच नाव आहे, म्हणून विणणाऱ्या बायका माझा पत्ता ऐकून हसतात. इथून तासाभरावरच्या लिस्टोवेलमध्ये सूत-लोकरीची जुनी कंपनी आहे. इकडे फडकी ज्या सुतावर विणली जातात त्या 'शुगर अँड क्रीम'चे गुंडे तिचेच. एकरंगी गुंडा ७१ ग्रॅमचा. एक फडकं झाल्यावर जे उरतं त्यात दुसरं पुरं होत नाही, मग दुसरा रंग जोडावा लागतो. आमच्या फडक्यांवरचे पट्टे हौसेपेक्षा या उरल्यासुरल्यातून आलेत.

वीण शिकवली शेजारच्या आजींनी. इकडे तिला 'आजीचं आवडतं फडकं' असंच म्हणतात. साडेचार मिलिमीटरच्या सुया. फक्त चार टाके घालायचे. प्रत्येक ओळीत दोन सुलट, मग धागा पुढे घेऊन एक टाका वाढवायचा, बाकी सगळे सुलट. चव्वेचाळीस टाके झाले की उतरायला लागायचं: एक सुलट, दोनाचा एक, धागा पुढे, पुन्हा दोनाचा एक, बाकी सुलट. पुन्हा चारवर आलं की टाके बंद. उलट टाका एकही नाही. फडकं कोपऱ्यातून तिरकं वाढतं आणि चारी कडांना आपोआप जाळी येते. दोन्ही अंगांना सुलट टाक्यांचे उंचवटे उभे राहतात, आणि चिकटलेलं वरण त्या उंचवट्यांनीच निघतं. साडीचा तुकडा त्यावरून घसरतो.

रंगाबद्दल मात्र तुमचं ऐकलं असतं तरी मी वाचले नसते. पहिल्याच हिवाळ्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची सहा फडकी विणली, एकत्र धुतली, सहाही गुलाबी निघाली. व्हिनेगर घातलं होतं! सुताला आज बहुतेक रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बांधले जाणारे, रंग देतात. जो रंग धाग्याशी बांधला गेला तो पक्का. जो नुसता अडकून राहिला तो गरम पाण्याने काढूनच टाकावा लागतो. आंबट पाणी लोकर-रेशमाच्या रंगाला चालतं, सुताचा रंग बसवताना उलट धुण्याचा सोडा लागतो. म्हणून आता लाल आणि गडद निळ्या गुंड्यातला हातभर धागा तोडते, ओल्या पांढऱ्या कागदी रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवते. सकाळी रुमालावर डाग दिसला तर त्या रंगाला पांढऱ्याशेजारी बसवत नाही.

राहिला स्वेटर. एक सुरू केला होता. गळ्यापर्यंत आला, बाह्यांचे टाके चुकले, उसवला, पुन्हा घातला, पुन्हा चुकला. पाठीचा भाग कपाटात आहे, बघितला की अपराधी वाटतं. फडक्याचं तसं नाही. मुलीने नववीच्या सुट्टीत पहिलं विणलं, तीन टाके सुटले, एक बाजू फुगली, चौकोनाचा पतंग झाला. ते ओव्हनच्या दांडीला लटकलेलं असतं आणि सांडलेला चहा माझ्या सरळ फडक्याइतकाच पितं. वेळ वाया जातो म्हणालात, जातो. पैसेही वाचत नाहीत, दुकानात फडकी याहून स्वस्त मिळतात. मला फक्त असं काहीतरी विणायला हवं होतं जे चुकलं तरी चालेल आणि खराब झालं तरी हळहळ वाटणार नाही. तसं विणकामात मला तरी दुसरं काही सापडलेलं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं: शाळेत सुया मिळत नव्हत्या म्हणून तुम्ही सायकलच्या तारांवर विणायचात. तारा दोन मिलिमीटरच्या. त्यावर हा जाड दोरा घातला तर वीण खाटेच्या पट्टीसारखी घट्ट होईल, पाणी प्यायला जागाच उरणार नाही. तरी करून बघायचं आहे. नवऱ्याच्या सायकलच्या दोन जुन्या तारा काढून ठेवल्यात. टोकं कशावर घासायचात आणि मागून टाके निसटू नयेत म्हणून काय लावायचात, तेवढं कळवा.