उधळीच्या आधी पोचा

जुनी पुस्तकं जपण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, ती स्कॅन केली की साहित्य टिकलं. अर्धंच खरं आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे, म्हणजे एक खोली अन् तीन कपाटं. मागच्या पावसाळ्यात भिंतीकडचं लाकडी कपाट उघडलं तर खालच्या खणात उधळी, म्हणजे वाळवी! पोथ्यांचा नुसता भुगा. वरच्या खणातली पुस्तकं मी आणि पुतण्यानं मोबाईलवर काढायला घेतली. पान इतकं कडक, की दुमडलं तर कोपरा हातात येतो. फोटो निघाले, पण ओसीआरनं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरनं, खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईतले रफार गिळले, ‘ऱ्या’चं तर भलतंच केलं. कोणीतरी बसून ओळ न् ओळ तपासायलाच हवी. विकिस्रोत या जुन्या पुस्तकांच्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर हे घरबसल्या जमतं, एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला मजकूर. फक्त लेखक जाऊन ६० वर्षं उलटलेली हवीत; १९६५ साली वारलेल्यांची पुस्तकं १ जानेवारी २०२६ ला कॉपीराइटमधून मोकळी झाली.

आणि हो, स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत रद्दीत घालू नका. आम्ही एक घातली, मग कळलं की मधली दोन पानं काढायचीच राहिली होती.