माथेरानच्या इंजिनांची खोटी स्तुती नको

नेरळ-माथेरानच्या गाडीचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो. त्यातला मजकूर साधारण असा: ‘इंग्रजांनी बांधलेली रेल्वे, इंग्लंडहून आणलेली वाफेची इंजिनं. कोळसा टाकला की चालू, देखभालीचं नाव नको. बारा महिने धावायची. मग डिझेल आलं, रातोरात ही इंजिनं भंगारात गेली आणि तेव्हापासून गाडी सारखी बंद.’ माथेरानवर जीव असलेली माणसंच तो पुढे पाठवतात, म्हणून जास्त लागतं. कारण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘इंग्रजांनी बांधली.’ नाही. मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं. १९०४ मध्ये सुरुवात, १९०७ मध्ये गाडी सुरू, खर्च सोळा लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख, तेही दोन फुटी रुळांच्या वीसेक किलोमीटरच्या डोंगरी मार्गावर! एका मुंबईकर कुटुंबाचं हे श्रेय आपणच आपल्या हाताने काढून घेतो, याचा मला खरोखर राग येतो. इंजिनंही इंग्लंडची नव्हती, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलची होती. इंग्रजाचा हात एवढाच, की या इंजिनांच्या आराखड्यामागे बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद रुळांची रेल्वे उभारणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप होता.

‘कोळसा टाकला की चालू.’ हे लिहिणाऱ्याने त्या इंजिनाच्या खाली एकदा वाकून पाहावं. सहा चाकं एकमेकांना दांड्यांनी जोडलेली. अशी चाकं ताठ आसांवर बसवली, तर माथेरानच्या वळणांवर ती रुळांत अडकून बसतील. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकजोडीला क्लीन-लिंडनर पद्धतीचा दुहेरी आस दिला. आतला भरीव आस फ्रेममध्ये सरळ राहतो आणि दांड्यांच्या जोरावर फिरतो. त्याच्यावर दुसरा, पोकळ आस, आणि चाकं या पोकळ आसावर. दोघांची गाठ मधोमध एका गोल सांध्यात. वळण आलं की चाकं थोडी सरकतात, थोडी तिरपी होतात, तरी आतला आस त्यांना फिरवतच राहतो. हे सगळं रुळाला लागून, धुळीत आणि राखेत. तिथली झीज रोज कोणीतरी बघायला नको?

आणि बॉयलर. गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी जाळ करावा लागतो. घाई केली तर पत्रे असमान तापून सांधे गळतात. नळ्यांतली काजळी, जाळीवरचा वितळून घट्ट झालेला कोळशाचा मळ, राखेची पेटी, सगळं हाताने साफ करायचं. ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून, झाकणं उघडून, आत साचलेला क्षार धुऊन काढायचा. त्यात हा एकास वीसचा, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर नेणारा चढ. दोन मीटर लांबीचा बॉयलर धरला, तरी दोन टोकांना पाण्याच्या पातळीत दहा सेंटीमीटरचा फरक पडतो. भट्टीच्या माथ्यावरचं पाणी हटलं की तो पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि पुढे स्फोटाची भीती. म्हणून फायरमनची एक नजर जाळावर आणि एक बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर. इंजिनाच्या टाक्याही लहान, पाणी वाटेतच भरावं लागे. वॉटर पाइप हे स्टेशन त्यासाठीच. देखभाल लागत नसे म्हणणं म्हणजे नेरळच्या शेडमध्ये हात काळे केलेल्या प्रत्येक माणसाला पुसून टाकणं आहे.

‘बारा महिने धावायची.’ उलट वाफेच्या जमान्यात पावसाळाभर हा मार्ग बंदच ठेवत. २००५ च्या जुलैत अतिवृष्टीने मार्ग वाहून गेला, गाडी २००७ मध्ये परतली. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच. नेरळपासूनची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. खालचा भरावच गेल्यावर वर वाफेचं इंजिन असो की डिझेलचं, काय फरक पडणार?

राहिलं ‘रातोरात भंगारात’. युंग या जर्मन कंपनीची डिझेल इंजिनं इथे १९५० च्या दशकातच आली आणि वाफेची इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कामावर होती. म्हणजे पाव शतक दोन्ही एकाच रुळांवर. आणि भंगार म्हणाल, तर ७३८ क्रमांकाचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ७४० इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे गेलं, तिथे त्याचं नाव ‘माथेरान’. ७४१ बघायला तर लांब जायलाच नको, ते नेरळलाच ठेवलं आहे. पुढचा मेसेज पाठवण्याआधी गाडीतून उतरून ते बघून या, मुलांनाही दाखवा.