मनगट दाबून हार्ट अटॅक थांबत नाही हो

तोच फॉरवर्ड परत फिरतोय. मनगटाचा फोटो, त्यावर लाल ठिपका, खाली लिहिलंय की हा पॉइंट दोन मिनिटं दाबा, हार्ट अटॅक जागच्या जागी थांबेल, चीनची 5000 वर्षं जुनी विद्या आहे आणि अटॅकमधे डावा हात दुखतो हाच मेरिडियनचा, म्हणजे चिनी वैद्यक मानतं त्या शरीरातल्या शक्तीच्या वाटेचा, पुरावा.

पॉइंट खरा आहे, ते नाकारत नाही. नेइग्वान म्हणतात, पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण) मेरिडियनवरचा सहावा. ही लाइन छातीपासून हाताच्या आतल्या बाजूने मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जाते, एकूण नऊ पॉइंट. मनगटाच्या रेषेवर आपलीच तीन बोटं आडवी ठेवायची, मूठ आवळून हात जरा वाकवला की ज्या दोन दोऱ्या वर येतात त्यांच्या मधोमध.

आता 5000 वर्षं. 1973 साली चीनमधे मावांगदुईच्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले, मेरिडियनबद्दलच्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी, थडगं इ.स.पू. 168 चं. त्यात मेरिडियन आजच्यासारखे बारा नाहीत, अकराच आहेत, आणि जो नाहीये तो नेमका हातावरचा हाच पेरिकार्डियमवाला! ॲक्युपंक्चरच्या सुयांचं नावही नाही, उपाय आहे तो जळत्या वनस्पतीचा शेक देण्याचा. म्हणजे फॉरवर्डवाल्याने तीनेक हजार वर्षं स्वतःच्या खिशातून घातलीयत.

डावा हात दुखतो कारण हृदयाच्या आणि हाताच्या नसा पाठीच्या कण्यात जवळपास एकाच ठिकाणी शिरतात, मेंदूचा गोंधळ होतो की कळ नक्की कुठून येतेय. आणि ती कळ बरेचदा करंगळीच्या बाजूने उतरते, मधल्या बोटाच्या नाही. जबडा, पाठ, पोटाचा वरचा भागही दुखतो, तिथे ही लाइन कुठेय?

मग हा पॉइंट निकामी का? तर नाही. ऑपरेशननंतर होणारी मळमळ आणि उलटी यावर याचा बऱ्यापैकी अभ्यास झालाय, 2015 च्या कोक्रेन रिव्ह्यूमधे (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) 59 ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तर खोट्या उपचारापेक्षा फरक दिसला. घाटात गाडी लागते म्हणून मनगटावर बटणवाला पट्टा घालतात तो याच जागी दाबतो, त्याचे निकाल मात्र उलटसुलट आहेत.

आणि इथेच खरा धोका आहे. अटॅकमधेही मळमळतं, घाम फुटतो, लोक ॲसिडिटी समजतात, त्यात मनगट दाबून जरा बरं वाटलं की झालं, घरचे म्हणणार थांबू अजून अर्धा तास. आत मात्र हृदयाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकलेली असते, पुढचा स्नायू मरत असतो, ती गाठ विरघळवायला इंजेक्शन लागतं किंवा रक्तवाहिनी उघडायला अँजिओप्लास्टी, आणि दोन्ही जितक्या लवकर तितकं बरं. मनगट दाबायचंच असेल तर आधी 108 लावा, मग अँब्युलन्स येईपर्यंत खुशाल दाबत बसा.