बाईने लिहिलेली कादंबरी कशी वाचावी?

गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर मी शशी देशपांडेंच्या ‘दॅट लाँग सायलेन्स’वर बोलणार होते. महिनाभर टिपणं काढली होती. बोलले सात मिनिटं. उरलेला तास काका मंडळी बोलली. बाईची, त्यातून इंग्रजी, कादंबरी कशी वाचावी याचं जे ज्ञान त्या तासात पदरी पडलं, ते तुम्हालाही वाटते.

एक तर कादंबरी वाचू नका. मलपृष्ठ पुरे.

“हे बाईंचं स्वतःचंच असणार,” असं ठोकून द्या. पुरुषाने खून लिहिला तर प्रतिभा, बाईने भांडण लिहिलं तर डायरी. कादंबरीतला मोहन, लेखिका असलेल्या जयाचा नवरा, तोही हेच करतो. जयाच्या कथेला बक्षीस मिळतं आणि याचा चेहरा पडतो, कारण कथेतला नवरा म्हणजे हाच असं लोकांना वाटेल! पुढे ती मुकाट ‘सीता’ नावाचं हलकंफुलकं सदर लिहायला लागते. साहेब खूश.

नवऱ्याची बाजू लावून धरा. मारत नाही, पगार आणतो, मग हिचं दुखतं कुठे? लग्नात जयाचं नाव बदलून सुहासिनी केलं तर काय बिघडलं? तुमच्या वहिनीचं बारशाचं नाव आठवून बघा. नाही आठवत? उत्तम.

“आता कुठे राहिलंय असलं?” हे बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेऊन आल्यावर म्हणावं.

आणि हुकमी वाक्य: “बुकरसाठी असलं लिहावंच लागतं.” इंग्रजी कादंबरीला मिळणारं ते मोठं पारितोषिक अरुंधती रॉयच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ला १९९७ साली मिळालं ना! त्यात चाको घटस्फोटित, आईच्या घरी परत आलेला. पुरुषाच्या गरजा असतात म्हणून आई त्याच्या खोलीला बाहेरून वेगळा दरवाजा करून देते, बायकांची ये-जा घरातून नको. त्याची बहीण अम्मूही घटस्फोटित, त्याच घरात परत आलेली. ती जातीबाहेरच्या एकावर जीव लावते, तर तिला खोलीत कोंडतात, मग घराबाहेर काढतात, आणि तो पोलिसांच्या माराने मरतो. हे बुकरसाठी रचलं? अहो, लेखिकेची आई, मेरी रॉय, वारसाहक्कासाठी सुप्रीम कोर्टात गेली होती. १९१६च्या त्रावणकोर ख्रिश्चन वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलीला काय मिळायचं? मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, जे कमी असेल ते. जे कमी असेल ते! कुणा बाईने कल्पनेतून काढलेलं नाही हे, कायद्यात होतं. १९८६ साली त्या जिंकल्या. तेव्हा कुठलं बुकर आणि कुठलं काय.

हेच सांगत होते मी. “चौथा हिस्सा”पर्यंत आले होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, “वहिनी, विषय छान आहे, पण आधी चहाचं बघता का?”

आणि मी उठले. टिपणं खुर्चीवर ठेवली, चौदा कप भरले. बिस्किटंसुद्धा फिरवली. परत येते तो माझ्या खुर्चीवर काका, टिपणांवर त्यांची बशी, आणि मोहनची बिचाऱ्याची कशी घुसमट झाली यावर भाषण चालू.

बास झाला उपरोध. काका, थर्मास तुमच्या कोपराशी होता. पुस्तक वाचलेलं नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येक बाईला कळत होतं, आणि तरी तुम्ही वीस मिनिटं बोललात. वयाचा मान ठेवून आम्ही ऐकलं, ती आमची चूक. पुढच्या रविवारी अनिता देसाईंची ‘फास्टिंग, फीस्टिंग’ आहे, धाकट्या भावाला सांभाळायला शाळेतून काढलेल्या उमाची. वाचली असेल तर या. आणि चहा घरून पिऊन या.