फेस येतो तो विषाचा नव्हे

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा उगवतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: “टबभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, दोन चमचे व्हिनेगर आणि मीठ टाका. भाजी, फळं पंधरा मिनिटं बुडवा. फेस येईल, पाणी पिवळं पडेल, तेच विष! ९९ टक्के कीटकनाशक निघून जातं. नुसत्या पाण्याने काहीही जात नाही. सेंद्रिय माल असेल तर धुवायचीही गरज नाही.” खाली जोडलेले हात आणि ‘आपल्या माणसांना जरूर पाठवा’.

पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, आणि सोड्याचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. बाकीचं मात्र एकेक करून बघायला हवं.

आधी फेस. खायचा सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे पाणी व सोडियम ॲसिटेट उरतं. ढोकळ्याच्या पिठात लिंबू आणि सोडा पडल्यावर फसफसतं, तसंच हे. शंका असेल त्यांनी भाजी न घालता रिकाम्या पातेल्यात करून बघावं, तेवढाच फेस येईल. वर तोटा असा, की सोड्याचा जो काही उपयोग होतो तो त्याच्या अल्कपणामुळे, आणि तोच व्हिनेगरने मारून टाकला जातो. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होतं हा हिशेब इथे चालत नाही.

मग पिवळं पाणी. “वहिनी, बघा कसं रंगलंय पाणी!” म्हणून फोटो येतात. मेथी-पालकाच्या मुळांना मालव्याची काळी माती चिकटलेली असते, ती सुटली की पाणी गढूळ होणारच. फ्लॉवर आणि कांद्यातली काही रंगहीन द्रव्यं अल्कात पिवळी पडतात. लाल कोबीचा रंग सोड्याच्या पाण्यात निळा-हिरवा होतो, ते तर शाळेतल्या प्रयोगातही दाखवतात. कीटकनाशकाचा अंश मोजतात तो किलोमागे मिलिग्रॅममध्ये. किलोभर भाजीत अर्धा मिलिग्रॅम म्हणजे वीस लाखांत एक भाग. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे आपल्याकडची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढ्याशा अंशाने टबभर पाण्याला रंग चढत नाही. तो शोधायला प्रयोगशाळेतली महागडी यंत्रं लागतात, आणि आपण मोबाइलच्या कॅमेऱ्याने शोधतो आहोत!

हीच गत द्राक्षांवरच्या पांढऱ्या पावडरीची. ती ‘फवाऱ्याची’ म्हणून खसाखसा घासली जाते. घडावर सगळीकडे सारखा, पातळ, बोटाने पुसला की खालची साल चमकते असा जो थर असतो, तो द्राक्षाने स्वतःच तयार केलेल्या मेणाचा असतो. औषधाचे डाग दिसलेच, तर ते ठिपक्यांसारखे किंवा मण्याच्या खालच्या टोकाशी थेंब वाळल्यासारखे दिसतात. थर मेणाचा असला म्हणून औषध नाही असं नव्हे. दिसणं आणि असणं यांचा इथे फारसा संबंध नाही, एवढंच.

‘नुसत्या पाण्याने काहीही जात नाही’ हे मात्र सरळ चूक आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० साली बारा कीटकनाशकं घेऊन हेच तपासलं होतं. नळाच्या पाण्याखाली धुतल्यावर बारापैकी नऊ औषधांचे अंश कमी झाले. गंमत अशी, की औषध पाण्यात किती विरघळतं याच्याशी त्याचा संबंध लागला नाही. वाहत्या पाण्याचा मारा आणि घासणं, यांनीच काम केलं. पृष्ठभागावरच्या धुळीला, मातीला चिकटलेलं तिच्याबरोबर वाहून जातं. म्हणून टबात बुडवून टीव्ही बघण्यापेक्षा नळाखाली अर्धा-एक मिनिट हाताने चोळणं बरं. काकडी, टोमॅटो, सफरचंद चोळायचे, ढोबळी मिरचीच्या देठाजवळच्या खळग्यात बोट फिरवायचं, कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाकायची. त्या प्रयोगात जी तीन औषधं हलली नाहीत, त्यांत क्लोरपायरिफॉस होतं. आपल्याकडे घरात वाळवीसाठी मारतात, तेच.

आता सोडा. त्याच्या बाजूने खरा पुरावा आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक लावून, चोवीस तासांनी ती धुऊन पाहिली. एक टक्का सोड्याच्या द्रावणात बारा मिनिटांनी पहिल्याचा ८० टक्के आणि पंधरा मिनिटांनी दुसऱ्याचा ९६ टक्के अंश गेला. एक टक्का म्हणजे लिटरला दहा ग्रॅम, साधारण दोन सपाट चमचे. बादलीत चिमूटभर टाकून ते द्रावण होत नाही. शिवाय फळ एकच, गुळगुळीत सालीचं, औषधं दोन, आणि फवारून आठवडे उलटलेलं नव्हे, आदल्या दिवशी लावलेलं. तिथून कोथिंबीर, भेंडी आणि जगातली सगळी औषधं धरून ‘९९ टक्के’वर उडी मारायची म्हणजे कमालच. सफरचंदाला सोडा वापरायचा असेल तर जरूर वापरा, नंतर साध्या पाण्याने धुवा. फक्त खायचाच सोडा घ्या. धुण्याचा सोडा वेगळा, आणि बेकिंग पावडरमध्ये आम्ल मिसळलेलं असतं.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट संदेशात कधी येत नाही. थायाबेंडाझोलचा सुमारे २० टक्के अंश चोवीस तासांत सालीच्या आत शिरला होता, आणि तो सोड्यानेही निघाला नाही. खरी अडचण इथे आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, ॲसिफेट ही आंतरप्रवाही औषधं; झाड ती शोषून घेतं आणि रसातून फिरवतं, म्हणजे रस शोषणारी कीड तो पिऊन मरावी. ती भाजीच्या गरातही असू शकतात. ती ना सोड्याने निघणार, ना व्हिनेगरने.

निमाडच्या मिरचीचं उदाहरण घ्या. फुलकिडे फुलांच्या आणि कोवळ्या पानांच्या बेचक्यात लपतात, पानं आकसतात, आणि शेतकरी हवालदिल होऊन फवारा वाढवतो. भेंडीचं त्याहून अवघड. प्रत्येक औषधाच्या लेबलावर फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही हे लिहिलेलं असतं. पण भेंडी दिवसाआड तोडली नाही तर जून होते, इंदूरच्या चोइथराम मंडीत तिला कोणी हात लावत नाही. एकीकडे लेबल, दुसरीकडे तोडा; संध्याकाळी फवारून सकाळी तोडलेला मालही गाडीत चढतो. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावर भाजीपाल्यासाठी बंदी आली २००५ साली, ती आपण भाजी जास्त घासून धुतली म्हणून नव्हे. जे शेतात आणि दुकानात थांबवायचं असतं, ते मोरीत थांबत नाही. पाण्यात सोडा टाकला की आपलं काम झालं असं वाटतं, म्हणून मला हा संदेश खटकतो.

घरी याउपर जे होतं ते थोडंच: दुधी-दोडक्याची साल काढणं, भाजी शिजवणं (उष्णतेने काही औषधांचं विघटन होतं, सगळ्यांचं नाही), आणि रोज एकच भाजी न खाता आलटून-पालटून खाणं.

मिठाच्या कोमट पाण्यात फ्लॉवरचे तुरे टाकले की हिरव्या अळ्या वर येतात. हा आजीचा उपाय उत्तम, पण तो अळ्यांसाठी.

संदेशाखालच्या उत्तरांत कोणी भांड्यांचा साबण सुचवतं, कोणी पोटॅशियम परमँगनेट, कोणी ओझोनचं यंत्र. साबण नको, तो पालेभाजीच्या सुरकुत्यांत राहतो आणि पोटात जातो. उरलेले दोन्ही ऑक्सिडीकरण करतात, आणि क्लोरपायरिफॉससारख्या औषधांचं तसं झालं की जे ‘ऑक्सॉन’ बनतं ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. यंत्राच्या जाहिरातीत हे सांगत नाहीत.

राहिला सेंद्रिय माल न धुण्याचा सल्ला. पूर्ण संदेशात मला सर्वांत धोक्याचा वाटतो तो हाच. सेंद्रिय शेतीतही गंधक, तांब्याची बुरशीनाशकं, निंबोळी अर्क वापरतात. शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्याने उडून येतो. आणि औषध नसलं तरी शेणखत, माती, नाल्याचं पाणी, जंतांची अंडी असतातच. कोशिंबिरीत कच्ची पडणारी भाजी यांच्यासाठीच आधी धुवायची. सेंद्रिय मेथीची जुडीही सोडून मुळं आणि पिवळी पानं काढा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात हलवा, आणि पाणी ओतून देण्याऐवजी पानं ओंजळीने वर उचलून दुसऱ्या पाण्यात टाका. ओतून दिलंत तर तळाशी बसलेली माती परत पानांवर येते. पातेल्याच्या बुडाला कण लागेनासे होईपर्यंत पाणी बदलत राहा. मेथीला तीन पाणी तरी लागतात, पावसाळ्यात चार.