भाजल्यानं बुरशीचं विष जात नाही

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘उष्णता वाढली की बुरशी मरते, म्हणून तापमानवाढ पिकांना चांगलीच. सेंद्रिय धान्याला भीती नाही. बुरशी लागलीच तर दाणे खरपूस भाजा, विष निघून जातं.’ यावर विश्वास ठेवून माझ्या मावशीनं हिरवट पडलेल्या शेंगदाण्यांचं कूट करून ठेवलंय. आता गप्प बसवत नाही.

भाजण्याचं आधी, कारण सगळ्यात घातक तेच. भाजून बुरशी मरते, पण तिनं दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष उरतं. ते पुरतं मोडायला 250 अंशांच्या आसपास तापमान लागतं, तोवर दाण्याचा कोळसा होतो. कढईत थोडंफार कमी होतं, इतकंच. कुकरमध्येही ते पुरतं जात नाही. हे विष यकृताचा कर्करोग करतं. सुरकुतलेले, काळपट, फुटके, बुरसटलेले दाणे निवडून फेका, कारण बहुतेक विष अशा मोजक्या दाण्यांतच असतं. ते गुरांनाही घालू नका, विष दुधात उतरतं.

आता उष्णता. चाळिशीच्या वर विष तयार होणं मंदावतं, एवढं खरं. पण या बुरशीला तिशीतली उष्णता मानवते. काढणीआधीच्या चार-सहा आठवड्यांत पाऊस दडी मारतो, भुईमुगाच्या शेंगांभोवतालची माती 28 ते 31 अंशांवर राहते, दाण्यातलं पाणी घटतं आणि बुरशीला रोखणारी द्रव्यं बनवणं दाण्याला जमत नाही. सर्बियात 2012 साली कडक उन्हाळा आणि दुष्काळ पडला, मक्यात अफ्लाटॉक्सिन वाढलं आणि 2013 मध्ये ते दुधात सापडलं.

आणि अवकाळी पाऊस? 1974 साली आपल्या शेजारच्या पंचमहालात आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात काढणीला आलेला मका भिजला, तसाच साठवला, तोच लोकांनी खाल्ला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1975 साली आलेल्या नोंदीनुसार 397 जण कावीळ होऊन आजारी पडले, 106 दगावले. गावातली कुत्रीही मेली. त्या मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम विष होतं. आजची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्या मक्यात तिच्या किमान चारशे पट विष होतं. तापमानवाढीनं दुष्काळ आणि अवकाळी दोन्ही वाढतात.

सेंद्रियचं म्हणाल तर ही बुरशी मातीतच राहते, शेती कुठल्याही पद्धतीची असो.

मका 13 टक्के ओलाव्याखाली, शेंगदाणा 8 टक्क्यांखाली आणूनच साठवा. मातीवर न वाळवता ताडपत्रीवर पसरा, रात्री दव पडण्याआधी झाका, आणि गरम माल प्लास्टिकच्या गोणीत भरू नका, आतून घाम धरतो.